मास्तरांची शाबासकी

व्हायोलिनचे मास्तर तरुणपणी फार कडक होते. बेसूर वाजलं की तोंडावर सांगायचे. शिकवणीला चारच पोरं उरली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, जरा गोड बोलायला शिका की!"

मास्तर शिकले, आणि अशी हातोटी साधली की विचारू नका. कानात खिळे ठोकल्यासारखं वाजलं तरी ते डोळे मिटून मान डोलवत. खोलीत बसायला जागा पुरेना. लोक म्हणू लागले, मास्तर शहाणा माणूस.

त्यांची एकुलती एक मुलगी त्याच खोलीत वाढली. सतराव्या वर्षी एका संध्याकाळी, पोरं गेल्यावर, तिने एक संथ धून वाजवली. मास्तर जागच्या जागी थिजले. असं वाजवणं त्यांना स्वतःलाही कधी जमलं नव्हतं.

"पोरी, फार सुंदर वाजवलंस गं."

"बाबा, खरं सांगा ना."

"खरंच सांगतोय!"

"दुपारी डॉक्टरांच्या मुलालाही हेच म्हणालात. याच आवाजात. आणि तो गेल्यावर आईपाशी डोकं धरून बसलात."

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"हेही सगळ्यांनाच सांगता."

मास्तरांनी शब्द शोधून पाहिले. एकूण एक वापरून गुळगुळीत झालेला. शेवटी त्यांनी आईची शपथ घेतली. मुलीने समजूतदारपणे त्यांचा हात थोपटला आणि ती आत गेली.

संगीत विद्यालयाचा अर्ज टेबलावर तसाच पडून होता. मास्तरांनी स्वतः भरला, तर तिने तो फाडून टाकला. "तिथे खरं बोलणारी माणसं असतील, बाबा. तुमची मान खाली जायची." महिन्याभरात ती दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला लागली.

तीन वर्षांनी एका रविवारी मास्तरांनी हातापाया पडून तिला वाजवायला बसवलं. बोटं आखडली होती. सूर जागेवर लागत नव्हते. मधेच थांबून तिने विचारलं, "कसं वाटलं?"

नेहमीचं गोड बोलणं त्या दिवशी मास्तरांच्या ओठांवर आलंच नाही.

"हात गेला गं तुझा."

"हो ना? मला वाटलंच होतं," ती म्हणाली. या वेळी मास्तरांना शपथ घ्यावी लागली नाही. व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि ती आईला भाजी निवडू लागायला गेली.

मास्तर त्याच खुर्चीत बसून राहिले. शिकवणीची पोरं आली, तरी त्यांना उठवेना.