दिवस हाय तवर

मुंबईत कुठं काय चांगलं खायला मिळतं हे विचारायचं तर सयाजीला विचारावं, असं लालबागच्या त्या गाळ्यात सगळेच म्हणत. गाळा म्हणजे एकच लांबट खोली. सातारा-सांगलीकडचे वीसेक गिरणीकामगार तिथं पाळीपाळीनं झोपायचे आणि धोंडुबाईच्या खाणावळीत जेवायचे. रविवारी संध्याकाळी धोंडुबाई चूल पेटवत नसे. बाकीच्यांना ती संध्याकाळ जड जायची, सयाजीला मात्र तो सण वाटायचा. लढाई संपून पलटणीतून सुटलेला हा कोरेगावकडचा गडी पोटासाठी सगळं शहर पालथं घालायचा. गिरगावात मालवणी बाईच्या हातचं बांगड्याचं तिखलं, माटुंग्याला मद्राशाची इडली, इराण्याकडचा कडक पाव आणि खिमा. आणि वर फुशारकी अशी, की जणू मुंबई यानंच वसवली!

अण्णाप्पानं मात्र त्याला हात टेकायला लावले होते. अण्णाप्पा कुपवाडचा जैन, तालमीत वाढलेला, छाती दारात मावणार नाही असा. मांस-मासळी सोडाच, त्याला कांदा, लसूण, बटाटाही चालत नसे. पाणी गाळलेलं लागे. आणि दिवस मावळला, की अन्नाचा कण नाही न् पाण्याचा घोट नाही. धोंडुबाईची एकच पळी सगळ्या भांड्यांतून फिरायची, म्हणून हा बिचारा कित्येक महिने चुरमुरे, शेंगदाणे आणि गुळावर राहिला. त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती सयाजीची. एवढ्या अफाट शहरात एका माणसाच्या भाकरीची सोय आपल्याला लावता येऊ नये, हे त्याच्या मनाला फार लागायचं.

शेवटी पायधुणीकडच्या एका गल्लीत सोय सापडली. मिरजेकडची आक्काताई नावाची जैन विधवा बाई तिथं कापडबाजारातल्या माणसांना जेवायला घाली. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, वर घरचं तूप, आणि पंगत उठायची ती उन्हं असतानाच. पहिल्या दिवशी अण्णाप्पानं भाकरी मोडली आणि तो तिच्याकडं नुसता बघतच बसला. मग डोळे पुसून जेवायला लागला. ते बघून सयाजीला जो आनंद झाला, तो ब्रह्मदेशातून जिवंत परततानाही झाला नव्हता.

त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उस्मानचाचाचं हॉटेल होतं. तेव्हापासून दर रविवारी दोघं निघायचे. अण्णाप्पा आक्काताईकडं जेवायचा, सयाजी उस्मानचाचाकडं पाया-रोटी हाणायचा, आणि मग चालत लालबागला परत. कधीमधी खंडाळ्याचा अर्जुना सोबत यायचा. तोही गाळ्यातलाच. त्याला सयाजीनं मागची वाट दाखवून ठेवली होती. लाकडाच्या वखारीतून गेलं, की हॉटेलाचं मागचं दार लागायचं. तिथून आलेल्याला चाचा भट्टीपाशीच बसवायचा आणि रश्शातली नळी स्वतःच्या हातानं ताटात टाकायचा. अर्जुनानं त्या नळ्या मन लावून चोखल्या होत्या.

सेहेचाळीस सालचा भाद्रपद उजाडला. जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. अण्णाप्पा त्या दिवसांत एकदाच जेवायचा, आणि कुठल्याही जिवावर हात उगारायचा नाही असा त्याचा नेम असायचा. तालमीतसुद्धा पाऊल टाकायचा नाही. त्यातच रविवार आला, आणि हिंदू-मुसलमानांच्या दंग्यानं शहर बिनसलं. कुठं काळी निशाणं लागली, कुठं दुकानांवर दगड पडले. गाळ्यातली माणसं म्हणाली, आज त्या बाजूला जाऊ नका.

"ऱ्हाऊ दे गड्या," अण्णाप्पा म्हणाला. "आज उपास घडंल. तेवढंच पुण्य."

"उपास? मी जिता असताना?" सयाजी खवळला. "जपान्याच्या गोळ्या खाऊन आलोय मी. चार टवाळ पोरांना भिऊ व्हय? चल, ऊठ!"

अण्णाप्पा हसला आणि उठला. मित्राचं मन मोडणं त्याला कधी जमलंच नाही.

गल्ली नेहमीसारखीच दिसत होती, फक्त माणसं कमी होती. अण्णाप्पा आक्काताईकडं गेला. सयाजी चाचाच्या भट्टीपाशी टेकला. "आज क्यूं आया, बेटा?" चाचा पुटपुटला, पण ताट वाढलंच.

सयाजीनं रोटीचे दोनतीन घास खाल्ले असतील नसतील, तोच पुढच्या रस्त्यावर आरडाओरडा झाला. सोड्याची बाटली दारावर फुटली. काचा थेट रश्शात आल्या. एक गिऱ्हाईक कपाळ धरून खाली बसलं, बोटांतून रक्ताची धार लागली. नोकरांनी धडाधड दाराच्या फळ्या लावल्या. फळ्यांवर दगडांचा मारा सुरू झाला. चाचानं सयाजीला मागच्या दाराकडं ढकललं. "भाग यहाँ से!"

सयाजीनं कडी काढली, दार उघडलं, आणि समोर अर्जुना!

अर्जुनाच्या हातात रॉकेलचा डबा होता. त्याच्यामागं वखारीत काठ्या, सळया, सुरे घेतलेली माणसं दाटली होती. वाट कुणी दाखवली हे सयाजीला विचारावं लागलं नाही.

"सयाजी, बाजूला सर," अर्जुना म्हणाला.

"अर्जुना, आरं हितं जेवलायस तू! ह्या म्हाताऱ्याच्या हातचं खाल्लंयस!"

"तवा खाल्लं. आज आपल्या शेजारच्या चाळीतला पोरगा भोसकला ह्यांनी. आतडी बाहेर आलती त्येची. म्या उचलला त्येला." अर्जुनाचे डोळे तांबारले होते. "सर म्हनतो ना!"

"ह्या म्हाताऱ्यानं भोसकला का?"

उत्तरादाखल एक काठी आली ती सयाजीच्या खांद्यावर. मग मात्र त्याचं डोकं फिरलं. भट्टीत खुपसलेली सळई त्यानं उपसली आणि दारात उभा राहिला. पहिला पुढं आला त्याच्या जबड्यावर ती बसली, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्याच्या मनगटाचं कातडं करपलं आणि त्याच्या हातातला सुरा गळून पडला. सयाजी शिव्या देत होता, मारत होता. समोरचेही त्याच्याच बोलीत शिव्या देत होते, हे त्याला ऐकू येत होतं, तरी हात थांबत नव्हता. एक दगड भिरभिरत आत गेला आणि चाचाच्या डोक्यावर बसला. म्हातारा भट्टीवर कोसळला, त्याची दाढी जळायला लागली, आणि नोकर किंचाळत त्याला ओढायला धावले. तेवढ्यात अर्जुनानं सयाजीच्या डोक्यावरून डबा भिरकावला. रॉकेल भट्टीवर पडलं आणि हॉटेल एकदम भडकलं. सयाजीच्या पाठीवरचा सदरा पेटला. तो भिंतीला पाठ घासत वखारीत आला, पण दार सोडीना.

अर्जुनानं खाली पडलेला सुरा उचलला. तो आता थेट सयाजीवर आला. आणि आला तसाच वर उचलला गेला.

मागून अण्णाप्पानं त्याच्या कमरेला मिठी घातली होती. तो जेवून वखारीच्या वाटेनं सयाजीला हाक मारायला आला होता. त्या माणसानं मनात आणलं असतं, तर अर्जुनाचा मणका काडीसारखा मोडला असता. पण नेम होता. त्यानं अर्जुनाला मारलं नाही, आपटलं नाही. फक्त दोन्ही हातांत आवळून अधांतरी धरलं.

"सोड! अण्णाप्पा, सोड मला!" अर्जुना लाथा झाडत होता, डोक्यानं अण्णाप्पाचं नाक फोडत होता. अण्णाप्पाच्या मिशा रक्तानं भिजल्या.

"सुरा टाक," अण्णाप्पा शांतपणे म्हणत होता. "टाक रं. टाक, मग सोडतो."

अर्जुनानं सुरा टाकला. अण्णाप्पानं त्याला जमिनीवर ठेवलं. इतक्यात गल्लीतले मुसलमान तरुण चाचाला वाचवायला कुंपण मोडून वखारीत घुसले. अर्जुनाची माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. आलेल्यांना दिसलं ते एवढंच, की हॉटेल जळतंय आणि दारापुढं एक धिप्पाड हिंदू गडी रक्तानं माखून उभा आहे. गळ्यात रुमाल बांधलेल्या एकानं पळत येऊन अण्णाप्पाच्या पोटात खाटकाचा सुरा घातला आणि वर ओढला.

अण्णाप्पा ओरडलासुद्धा नाही. दोन्ही हातांनी पोट धरून तो लाकडांना टेकून बसला. अर्जुनानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि त्याच्या पायांवरून उडी मारून तो पळाला.

सयाजीनं पुढं जे केलं, ते लढाईतही केलं नव्हतं. सळईनं त्या रुमालवाल्याचा हात मोडला, गुडघा मोडला, आणि तो खाली पडल्यावरही मारत राहिला. नोकरांनी बाहेर काढलेला, दाढी जळालेला उस्मानचाचा रांगत आला आणि सयाजीच्या पायाला मिठी मारून ओरडला, "बस! बस कर, बेटा! गलती हो गई उससे, ये पहलवान अपना है, उसे मालूम नहीं था!" तेव्हा कुठं सळई सुटली. तो माणूस जगला का मेला, हे सयाजीनं कधीच विचारलं नाही.

तो अण्णाप्पापाशी बसला. जखम बघून त्याला कळायचं ते कळलं. दवाखान्यापर्यंत न्यायला रस्ता उरला नव्हता, आणि वेळही.

"पानी," अण्णाप्पा म्हणाला.

आरडाओरडा ऐकून आक्काताई धावत आली होती. तिनं आपल्या घरचा तांब्या आणला, फडकं लावून गाळलेल्या पाण्याचा. सयाजीनं तो अण्णाप्पाच्या तोंडाशी नेला. अण्णाप्पानं तोंड फिरवलं.

"दिवस हाय का रं?"

सयाजीनं वर पाहिलं. मारामारीतच दिवस मावळून गेला होता. वखारीवरचं आभाळ काळवंडलं होतं. हॉटेलाची आग तेवढी भिंतींवर लालभडक नाचत होती. आक्काताईनं सयाजीकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"हाय की," सयाजी म्हणाला. "ऊन बघ की भिंतीवर. पी लवकर, दिवस हाय तवर."

अण्णाप्पानं भिंतीकडं पाहिलं, मग सयाजीकडं. बराच वेळ पाहिलं. मग तो दोन घोट पाणी प्याला आणि तिथंच गेला.

पाठीची जखम सुकल्यावर सयाजी कुपवाडला गेला. अण्णाप्पाची बायको गुणमाला सोप्यात बसली होती. मरणाची खबर तिला आधीच पोचली होती. तिनं रडणंभेकणं केलं नाही. सगळं बारकाईनं विचारलं, आणि सयाजीनं सगळं सांगितलं.

"शेवटाला पानी मिळालं का त्यास्नी?"

"मिळालं, वैनी. आक्काताईंच्या घरचं. गाळलेलं."

"दिवस व्हता न्हवं?"

याचं उत्तर सयाजीनं वाटेतच ठरवून ठेवलं होतं. पण तिच्या तोंडाकडं बघितल्यावर त्याला ते बोलवेना.

"न्हवता," तो म्हणाला. "म्या खोटं बोललो. आग दावली आन ऊन म्हनलं."

गुणमाला ताडकन उठली. "कुणी सांगितलं व्हतं तुमास्नी?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की गोठ्यातलं जनावर बिचकलं. "जलमभर पाळला त्येंनी त्यो नेम! तापानं फणफणलं तरी रातीला पानी मागितलं न्हाई! आन तुमी मरताना मोडलासा व्हय? त्या सुऱ्यानं एवढं केलं न्हाई भावजी, तेवढं तुमी केलंसा!"

तिनं मारलं असतं तरी सयाजीला चाललं असतं.

मग तिनं अगदी हळू विचारलं. "बघितलं व्हतं का त्येंनी तुमच्याकडं? पानी प्यायच्या आदी?"

"व्हय. लय येळ बघितलं."

ती मटकन खाली बसली. "आवं, आभाळ भरून आलं तरी दिवस बुडाल्याला त्यास्नी कळायचा. भर पावसात औत सोडून टायमाला घरी यायचे. त्यास्नी आग वळखू आली नसंल?" तिनं पदर तोंडावर घेतला. "तुमचं मन राखलं त्येंनी, भावजी. नेम सोडला, पर तुमचं मन राखलं."

एवढं बोलून ती पहिल्यांदा रडली. मग ती डोळे पुसत आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "लांबनं आलायसा."

सयाजीला तो तांब्या उचलवेना.