वाकड्या नाकाच्या खांबाची कैफियत

मी एक जुना ओकचा खांब आहे. मित्रांनो, माझ्याजवळ येऊन बसण्याआधी वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते पाहून घ्या. नंतर तक्रार नको.

नॉर्वेच्या किनाऱ्यावर, एका अरुंद खाडीच्या काठी मला कोरले. उल्फार सरदाराच्या वडिलांनी नवे दालन बांधायला काढले होते आणि त्यांच्या मानाच्या आसनाला दोन खांब हवे होते. अशा खांबांवर हातोडा चालवणाऱ्या थॉर देवाचा चेहरा कोरतात. सुताराने पहिला चेहरा झकास कोरला. दुसरा मी. माझे नाक कोरताना त्याला शिंक आली. नाक डावीकडे गेले. ते सावरायला जावे, तर एक डोळा तिरळा झाला. मालकांनी मला चोहोबाजूंनी न्याहाळले आणि म्हणाले, "हा देव नाही, हा माझा मेव्हणा आहे. लावा याला शेतखान्याला."

आसनासाठी दुसरा चांगला खांब कोरला गेला आणि माझी नेमणूक अंगणापलीकडच्या शौचाच्या खोपटीत झाली. आत खड्ड्यावर एक लांब फळी, फळीला ओळीने भोके. आमच्याकडची माणसे अशा कामालाही एकटी बसत नाहीत. माझ्या अंगात एक खुंटी ठोकून तिला शेवाळाची टोपली अडकवली होती. शेवाळ घ्यायचे, पुसायचे, खड्ड्यात टाकायचे. एवढा सोपा नियम! पण उल्फारचा धाकटा भाऊ कोल्बेन वापरलेले शेवाळ परत टोपलीत ठेवायचा. "वाया कशाला घालवायचं?" असे तो एकदा शेजाऱ्याला म्हणाला. शेजारी त्यानंतर कधी त्याच्या शेजारी बसला नाही.

मित्रांनो, वायकिंगांच्या मोहिमा आगीभोवती ठरत, असे तुम्हांला कुणी सांगेल. आगीभोवती नुसत्या बढाया चालत. खरे बेत माझ्यासमोर ठरत.

"औंदा आयर्लंडला जाऊ. तिथले साधू दाराला कडीच लावत नाहीत."

"का रे?"

"देवावर भरवसा आहे म्हणे त्यांचा!"

आणि दोघे इतके हसले, की फळी हलली.

शरद ऋतूत हीच माणसे परत येत. एकाने तर कुठल्याशा देवळातले भरजरी वस्त्र फाडून शेवाळाच्या जागी वापरले आणि "टोचतंय" म्हणून त्या देवालाच शिव्या घातल्या. पूर्वेच्या मोठ्या नदीने खाली जाऊन कातडी, मध आणि माणसे विकून येणारेही होते. तिकडचे व्यापारी येता-जाता हात धुतात, याची त्यांना फार गंमत वाटे. स्वतः मात्र एकाच घंगाळात सगळी टोळी तोंड धुणार, चूळ टाकणार, नाक शिंकरणार आणि तेच पाणी मोठ्या अदबीने पुढच्याला देणार. खड्ड्याची मला कधी किळस आली नाही. खड्डा आपल्या जागी असतो, बोटीत बसून दुसऱ्यांच्या गावी जात नाही. किळस येई ती या बोलण्याची.

अशाच एका मोहिमेत लासर आमच्याकडे आली. आली म्हणजे आणली. आयर्लंडच्या किनाऱ्यावर ती कपडे वाळत घालत होती, तिथून तिला उचलले. इथे तिला शेतखान्याची सफाई दिली. ती मला रोज ओल्या फडक्याने पुसायची, माझ्या तिरळ्या डोळ्यातली घाण काडीने काढायची.

"तुलाही विचारून नाही ना आणलं इथं?" ती एकदा म्हणाली. मग नाकाला बाही लावून म्हणाली, "वास मात्र तुझाच हं."

पुढे नव्या राजाशी उल्फारचे बिनसले. राजाची माणसे यायच्या आत सगळे बिऱ्हाड बोटीत घालून आइसलंडला जायचे ठरले. मानाचे खांब उपटून आणायचे काम कोल्बेनकडे आले. निरोपाच्या जेवणात त्याने बिअर इतकी ढोसली होती, की एक खांब उपटल्यावर दुसरा कुठे आहे हे तो विसरला. धुक्यातून चाचपडत तो परसाकडे आला. माझा चेहरा पाहून त्याला गहिवर आला.

"अरे! तू इथं आहेस होय!"

त्याने मला उपटले. छप्पर कोसळले. आत एक पाहुणा होता. त्याचे पुढे काय झाले, ते कळले नाही.

आम्हां दोघा खांबांना शिडाच्या कापडात गुंडाळून बोटीत घातले. आइसलंडचे डोंगर दिसताच उल्फारने आम्हांला कापडातून सोडवले आणि भक्तीने डोळे मिटून समुद्रात टाकले. आमची तशी रीतच आहे. थॉर जिथे खांब किनाऱ्याला लावील, तिथे घर बांधायचे. उल्फार गरजला, "ज्या गुलामाला खांब सापडेल, तो मोकळा!"

चांगला खांब खुल्या समुद्राकडे निघून गेला, तो गेलाच. मी राहिलो.

ती माणसे एका उजाड भूशिरावर मातीच्या खोपटात थांबली. खांब मिळेपर्यंत घर बांधता येईना. अख्खा हिवाळा ओले कपडे, वाळके मासे आणि एकमेकांचे वास यांत गेला. लासर रोज किनारा तुडवत होती. मोकळे व्हायचे, तर एवढी एकच वाट होती. पाय फुटले, तरी ती हिंडत राहिली.

मी एका उपसागरात, मेलेल्या देवमाशाला टेकून पडलो होतो. मासा बऱ्याच दिवसांचा होता. मागे मात्र हिरवीगार दरी होती आणि गरम पाण्याच्या झऱ्याची वाफ वर चढत होती. लासर धावत आली, मला उलटे केले आणि मटकन खाली बसली.

"मेल्या, तू?"

शेतखान्याचा खांब सापडला म्हणून कुणी गुलाम सोडत नाही. मग ती उठली. दगडाने ठोकून माझी खुंटी काढली, समुद्रात भिरकावली, मला वाळूने खसाखसा घासले, आणि मगच ओरडत सुटली.

उल्फार आला. बरोबर त्याची बायको योरुन आणि कोल्बेन. उल्फारने मला कडकडून मिठी मारली आणि लगेच सोडली.

"वास येतोय."

"माशाचा आहे, धनी," लासर म्हणाली.

"आणि नाक असं कसं झालं?"

मला ओळखताच कोल्बेनचा चेहरा दह्यासारखा झाला होता. "समुद्रानं झिजवलं असेल, दादा."

"एकाच बाजूनं?"

"लाटा एकाच बाजूनं येतात ना, दादा."

योरुन पुढे झाली. तिने खुंटीच्या भोकात बोट घातले. उल्फार तिथे बसला, की बेतांतच गुंग असे. ती मात्र लग्न झाल्यापासून रोज माझ्याकडे बघत बसत आली होती, ते भोक ती विसरणे शक्य नव्हते. तिने कोल्बेनकडे पाहिले. तो वाळूत काहीतरी शोधू लागला. तिने लासरकडे पाहिले. लासरने मान खाली घातली नाही.

"भोक कसलं गं ते?" उल्फारने विचारले.

योरुनने दरीकडे पाहिले. गवताकडे, वाफेकडे पाहिले. मग स्वतःच्या ओल्या कपड्यांकडे पाहिले.

"अहो, थॉरचा हातोडा लागला असेल," ती म्हणाली. "कृपा झाली म्हणायची."

उल्फारने गुडघे टेकून त्या भोकाचे चुंबन घेतले. मित्रांनो, मी डोळे मिटले असते, पण ते कोरीव होते.

"लासर, शपथेवर सांग. माझ्याच घरचा आहे हा खांब?"

"तुमच्या घरी रोज हाच पुसत होते, धनी."

लासर मोकळी झाली. तिला ओढ्यापलीकडे जमिनीचा तुकडाही मिळाला.

आणि मला मान मिळाला. नव्या दालनात उल्फारच्या उजव्या हाताला मी उभा राहिलो, डावीकडे वाहून आलेल्या लाकडाचा एक नवा खांब. त्याला सगळे 'सोबती' म्हणत, मला 'देव'. सणाला घोडा कापायचे आणि फांदीने त्याचे रक्त माझ्यावर शिंपडायचे. ते पुसायचे नाही, कारण पवित्र! वर्षानुवर्षांचे थर साचले. उन्हाळ्यात माश्या. उल्फार तेलकट डोके मला टेकून घोरायचा, पाहुणे चरबीचे हात माझ्यावर ठेवून शपथा घ्यायचे. आणि एका रात्रीच्या जेवणात पुन्हा तेच कानी आले. "औंदा आयर्लंडला जाऊ." तेच हसणे. फक्त आता फळीऐवजी बाक हलला. शेतखान्यात मला रोज पुसणारे कुणी होते. इथे सगळे नमस्कार करत आणि कुणी फडके घेत नसे.

पुढे म्हातारपणी उल्फार वारला. त्याच्या मुलाने, तोर्फिनने, नवे खांब कोरवले आणि मला आगीत घालायला सांगितले. रक्ताच्या थरांमुळे मी पेट घेईना. नुसता धूर झाला, सगळे खोकत बाहेर पळाले. त्या धुरातून म्हातारी लासर घसरगाडी ओढत आली.

"जळत नाही ना? मग मला द्या."

"काय करणार, आजी?"

"शेतखान्याला खांब हवाय."

तोर्फिन लालबुंद झाला. "थॉरचा खांब? शेतखान्याला?"

कोपऱ्यात योरुन बसली होती, दात गेलेली, डोळे अंधूक झालेली. ती इतकी हसली, की तिला ठसका लागला.

"दे रे देऊन," ती म्हणाली. "त्याला ते काम शिकवावं लागणार नाही."

लासरने मला झऱ्याच्या गरम पाण्याने धुतले. थर निघता निघत नव्हते. ती काडी घेऊन बसली, तिरळ्या डोळ्यापासून सुरुवात केली. मग नवी खुंटी ठोकली आणि तिला टोपली अडकवली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. माझ्यासारख्याची पूजा करू नका, पुसा. घरी परतण्याची वाट बघणारे कुणी तुमच्या दारात राबत असेल, तर खांब सापडायची वाट न पाहता त्याला मोकळे करा. आणि वापरलेले शेवाळ खड्ड्यात टाका. कोल्बेन म्हातारा झाला असला, तरी अजून लासरकडे जेवायला येतो. आता तो परसाकडे निघाला, की ती आधी टोपली काढून घरात नेते.