आधी बापाचं दुकान

हातमोजे चढवून ती गल्लीत शिरली, तेव्हा अख्ख्या गल्लीने हातातलं काम खाली ठेवलं होतं. जुन्या फर्निचरचा रंग काढून नवं पॉलिश चढवणाऱ्यांची ही गल्ली. रंग काढायचं जालीम औषध आता घरात आणि बंद दुकानात वापरायला बंदी होती. त्याच्या वाफेने न्हाणीघरात कोसळलेला एक रंगारी पुन्हा उठलाच नव्हता. ती बंदी राबवायला आलेली निरीक्षक याच गल्लीतली पोर.

"आमच्याकडे मग या, बाई," पहिल्याच दुकानाच्या पायरीवरून मिशाळ काका म्हणाले. "आधी बापाचं दुकान बघा. नाहीतर दिव्याखाली अंधार."

ती तिकडेच निघाली होती.

बाप दारात आडवा उभा होता.

"काय पाहिजे?"

"औषधाचा साठा दाखवा."

घरी अरेतुरे करणारी लेक 'दाखवा' म्हणाली, तसा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. आवाज मात्र त्याने चढाच ठेवला, शेवटच्या दुकानापर्यंत पोचेल असा.

"जन्मभर हे हुंगतोय, काय झालं मला? याच दुकानावर शिकलीस आणि आता माझ्याच पोटावर पाय देतेस?"

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती त्याला ओलांडून आत गेली. अर्ध्या खरवडलेल्या कपाटाशेजारी औषधाचा निळा कॅन होता, काठोकाठ भरलेला.

"लाव सील. तपासायचं काय त्यात?" बापाने कॅनच्या झाकणावर हात ठेवला.

"तपासल्याशिवाय सील लागत नाही. हात काढा."

तिने काचेच्या नळीत थोडं औषध घेतलं आणि कपाटाच्या उरलेल्या रंगावर एक थेंब सोडला. एव्हाना रंग सुरकुतायला हवा होता. थेंब नुसता ओघळून खाली गेला. खाली नेहमीचा ओला चिखल नव्हता. रंगाचे कोरडे पापुद्रे पडले होते, लोखंडी पट्टीने खरवडलेले. तिने बापाचा हात उलटा केला. तळव्यावर ताजे फोड होते.

"कधी सोडलंस?" ती हळूच म्हणाली.

"तू बोललीस तेव्हाच." तोही कुजबुजला. "लाव ना गं सील. सख्ख्या बापाला सोडलं नाही, असं होऊ दे. मग कुणाची बिशाद आहे तुला अडवायची?"

सील तिच्या मुठीतच होतं. एकदा लावलं की गल्ली मुकाट्याने ऐकणार होती. ती नळी घेऊन दारात आली.

"यात पाणी आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "यांनी औषध आधीच बंद केलंय. सील लावण्यासारखं इथे काही नाही."

गल्ली खो खो हसली. बापाने कपाळाला हात लावला.

"एवढं सोंग वठवलं मी, आणि हिने पार बोऱ्या वाजवला! पाण्याला जरा विष म्हटलं असतं तर जीभ झडली असती का?"

पण बोलता बोलता त्याची छाती फुगली होती आणि ते लपवणं काही त्याला जमेना. पाण्याला विष म्हणणार नव्हती त्याची लेक, बापासाठीसुद्धा नाही.

मिशाळ काका हसले नाहीत. ते आत गेले आणि दोन्ही हातांत एकेक कॅन घेऊन बाहेर आले. कॅन त्यांनी तिच्या पायाशी ठेवले.

"हे पाणी नाही, बाई," ते म्हणाले. "लावा सील."