मुकादम आळशी नव्हता

मी एक जुना चामडी पट्टा आहे. गळ्यात बांधायचा भाग आणि हातात धरायची लांब वादी, हे दोन्ही मिळून मी. मित्रांनो, जुन्या वस्तूने आपली कहाणी हळव्या सुरात सांगावी अशी तुमची अपेक्षा असणार. पण मी रागावलेलो आहे, आणि राग गिळून बोलायचे मला जमणार नाही.

पिशव्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. दुहेरी टाके घातले आणि कडा घासून गोल केल्या, कुणाची मान काचू नये म्हणून. फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रीने मला आपल्या तपकिरी पिल्लासाठी नेले. मिस्त्री हातोडीच्या दांड्याने ठोकून फरशी बसवू लागला, की ते पिल्लू समोर बसून मान तिरकी करून बघत राही. जसे काही काम तपासायलाच आले आहे. म्हणून त्याचे नाव पडले मुकादम.

पहिली काही वर्षे मोठ्या सुखाची गेली. रोज सकाळी मुकादम पुढे, मिस्त्री मागे आणि मधे मी, ताठ. मिस्त्री मला दर महिन्याला तेल लावी. रस्त्यातले लोक मुकादमाला कुरवाळत आणि पट्टाही झकास आहे म्हणत. मी फुशारून जात असे, खोटे कशाला बोलू?

मग मिस्त्रीने स्वतःच्या घराची फरशी बदलली. लोकांकडे कधी बसवली नाही अशी फरशी त्याने घरात बसवली. सांध्यात नख अडकत नव्हते. पाहुणे आले की तो मधोमध पाण्याचा थेंब ठेवी, आणि थेंब कुठल्याच बाजूला सरकत नसे. पाहुणे तोंड भरून कौतुक करत. त्याच फरशीवर मुकादमाचे मागचे पाय दोन दिशांना फाकत होते, ते त्यांना दिसत नव्हते असे नाही. दिसत होते, आणि सगळे हसत होते. मिस्त्रीच्या मुलीने त्याचे मोबाईलवर चित्रण करून मैत्रिणींना पाठवले. मी दाराजवळच्या खुंटीवरून हे सगळे पाहत होतो, आणि आजही ते आठवले की माझे टाके ताणले जातात.

त्यात खाण्याची तऱ्हा. मिस्त्री, त्याची बायको, मुलगी आणि म्हातारी आई, चौघेही मुकादमाला गुपचूप बिस्किटे देत. प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच देतो. मुकादमाची कंबर दिसेनाशी झाली आणि मला बकलाच्या शेवटच्या भोकापर्यंत सरकावे लागले. घरचे म्हणत, अंगाने छान भरलाय.

काहीतरी बिघडले आहे, हे सगळ्यांत आधी मला कळले. पूर्वी तो मला पुढे ओढायचा, आता मी मागे ताणला जाऊ लागलो. डावा मागचा पाय पडला की माझ्यातला ताण जरासा वाढे. मिस्त्रीची बायको म्हणाली, आळशी झालाय. मिस्त्री म्हणाला, ढोंग आहे, आणि त्याने एका कोपऱ्यावर मला जोराचा झटका दिला. हात त्याचा होता, पण मुकादमाच्या मानेला हिसका बसला तो माझा. कारागिराने घासलेल्या कडा त्या दिवशी रुतल्याच. मुकादम ओरडला नाही. आणि ओरडला नाही म्हणून दुखत नाही, असे सगळ्यांनी ठरवून टाकले.

घरात एकाच माणसाचे डोळे उघडे होते, मिस्त्रीच्या आईचे. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले. ती मुलाला म्हणाली, "ढोंग नाही रे ते. मी खाटेवरून कशी उठते? आधी हात टेकते, दम खाते, मग कंबर उचलते. तो तसाच उठतोय." तिचे कुणी मनावर घेतले नाही. मग तिने एकटीनेच उपाय केला. आपल्या गुडघ्याची गोळी ती रोज दुधात विरघळवून त्याला देऊ लागली.

चौथ्या दिवशी मुकादमाने अन्न सोडले. पाचव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. मिस्त्रीने त्याला छातीशी धरून प्राण्यांच्या दवाखान्याकडे धाव घेतली आणि मी त्याच्या पायांत लोंबत गेलो. त्याने काय खाल्ले, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले, तेव्हा मागून रिक्षाने आलेल्या आजींनी, मिस्त्रीच्या आईने, मुठीतली गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. त्याचे पाय दुखतात म्हणून मीच देत होते, असे त्यांनी सांगितले.

डॉक्टरीणबाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. "आजी, दुखणं ओळखलंत ते तुम्हीच," त्या म्हणाल्या. "पण माणसाची गोळी कुत्र्याचं पोट आतून सोलते. मूत्रपिंडंही जातात. तीन दिवस सलाईन लावू. त्यानंतर मी सांगेन, हा घरी येणार का ते."

तीन दिवस मी दवाखान्यातल्या खिळ्यावर होतो आणि सलाईनचे थेंब मोजत होतो. चौथ्या दिवशी मुकादम पाणी प्याला. मग एक्स-रे निघाला. खुब्याचा सांधा मुळातच सैल होता, आणि वाढलेल्या वजनाने तो पुरता झिजला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात फरशी कसली आहे?"

आपल्या फरशीबद्दल कुणी विचारले आणि मिस्त्रीने मान खाली घातली, असे पहिल्यांदाच घडले.

"गुळगुळीत," तो म्हणाला. "तोंड दिसतं तिच्यात."

घरी येताच त्याने छिन्नी काढली. मुकादमाच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत त्याने स्वतःची फरशी उखडली आणि न्हाणीघरात बसवतात तसली खरखरीत फरशी घातली. बिस्किटांचा डबा आजींच्या कपाटात कुलूपबंद झाला. कुत्र्यांची वेगळी औषधे आली आणि मानेला ओढ बसू नये म्हणून छातीवरून बांधायचा रुंद पट्टाही आला. मी खुंटीवर आहे आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

आता पाहुणे चकचकीत खोलीतली ती खरखरीत फरशी बघून विचारतात, एवढ्या सुंदर कामाचं हे काय केलंस? मिस्त्री एकच उत्तर देतो.

"मुकादमाने काम नापास केलं."

मित्रांनो, मुकादमाचा खुबा काही पुन्हा नवा होणार नाही. तो हळूहळू चालतो, पण चालतो. तुमच्या हातातला पट्टा एखाद्या दिवशी मागे ताणला गेला, तर झटका देऊ नका. खाली वाकून आपल्या कुत्र्याचे पाय बघा. तो झटका मी एकदा देऊन बसलो आहे आणि तो मला परत घेता येत नाही.