मुळांशिवाय अकरा

आमच्या रोपवाटिकेत मिरचीची रोपं ट्रेमधून काढून मोठ्या कुंडीत लावायची, तर पानाला धरून उचलतात. खोडाला हात लावायचा नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, खोड मोडलं की रोप गेलं. बावीस वर्षं मी हेच करतेय, पण गेल्या वर्षापासून माझी बोटं बधिर झालीत. पान धरलंय की खोड, कळतच नाही. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "यंदा जिची रोपं जास्त मरतील, तिला कायमची सुट्टी." आणि माझ्या घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, कमावणारी मी एकटी.

त्या दिवशी सकाळपासूनच कंबर धरली होती, जीव नकोसा झाला होता. अकरा रोपं मोडली. टाकून दिली असती तर दिसली असती, म्हणून अक्कल गहाण टाकून मी ती तशीच, मुळांशिवाय, कुंड्यांत खोचली. ताठ उभी राहिली. ऊन चढल्यावर काय होईल, याचा विचारच केला नाही.

शेजारच्या ओळीत माझी धाकटी जाऊ. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. चुली वेगळ्या झाल्या, भांडणं तेवढी एकत्र राहिली. तिने माझ्या कुंड्यांकडे पाहून तोंड वाकडं केलं. ही आता चुगली करणार, असं मी धरूनच चालले.

जेवणाच्या सुट्टीनंतर मालकीणबाई आल्या, तोवर अकराही रोपांनी माना टाकल्या होत्या. त्यांनी एक उपटलं. खाली मूळच नाही.

"कुणाचं हे काम?"



"माझं," जाऊ म्हणाली. "मोडली, म्हणून खोचली."

"ओळ तर हिची आहे."

"हिची कंबर धरली होती. थोडा वेळ मीच लावत होते."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "खरं का गं?"

मी हो म्हणाले.

जाऊला तिथल्या तिथे कायमची सुट्टी मिळाली. ती नळावर हात धूत होती, तेव्हा मी तिला गाठलं. "का केलंस असं?"

"उपकार म्हणून नाही हं, जाऊबाई. आमच्याकडे कमावणारं आणखी एक माणूस आहे. तुमच्याकडे कोण आहे?" तिने ओले हात झटकले. "आणि ती बोटं डॉक्टरला दाखवा. वर्षभर बघतेय मी."

ती फाटकाबाहेर पडली. मी ओळीत येऊन बसले. रडू यायला हवं होतं, पण आधी वाटलं, सुटले बाई. मग त्याची लाज वाटली. तरी सुटल्यासारखं वाटायचं काही थांबलं नाही.