नापास खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, नापास झालेली खुर्ची आहे. तेसुद्धा परीक्षा न देताच! म्हणून माझी गोष्ट तुम्हाला जरा कडू लागेल.

सरकारी दवाखान्याला रुग्णांसाठी खुर्च्या हव्या होत्या. दोन कारखान्यांनी आपापले दर बंद पाकिटात दिले आणि नमुन्याची एकेक खुर्ची पाठवली. माझ्या सुताराने मला सागवानात घडवले, प्रत्येक सांधा खुंटी ठोकून पक्का केला. "हे काम मिळालं तरच आपला कारखाना टिकेल, पोरी," असे तो माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाला होता.

दवाखान्यात एक चांगली रीत होती. तिथल्या धिप्पाड पहारेकऱ्याला सगळे पहिलवान म्हणत. नमुन्याच्या खुर्चीवर पहिलवानाने बसायचे, मागे रेलून झुलायचे. जी कुरकुरली नाही, तिचाच दर बघायचा. पण त्या दिवशी खुर्च्या निवडणाऱ्या साहेबांना जेवायची घाई होती.

"पहिलवान, आज राहू दे. स्वस्त कोणती?"

"साहेब, बसून तर बघू द्या!"

"दर बघितला की झालं. ही घ्या, ती टाका अडगळीत."

ती म्हणजे मी. पुढे सुताराचा कारखाना बंद पडला, आणि मी साहेबांवर डूख धरला. कधीतरी हा माणूस माझ्यावर बसेल, तेव्हा पाय मोडून घेईन, पण याला आपटेन! धूळ खात मी हेच घोकत होते.

त्या स्वस्त खुर्च्यांनी लवकरच माना टाकल्या. आजारी माणसे भिंतीला टेकून उभी राहू लागली.

मग एके दिवशी निवृत्त झालेले साहेब गुडघा दाखवायला आले. उरल्यासुरल्या खुर्चीवर टेकले आणि कडाडकन खाली! पहिलवानाने धावत जाऊन मला आणले. साहेब सगळा भार टाकून बसले. आली वेळ! मी जिवाच्या आकांताने मोडू पाहिले. पण एक खुंटी हलेल तर शपथ. सुताराने मला मोडायला शिकवलेच नव्हते.

साहेब आरामात रेलले. "वा! अशा खुर्च्या का नाही घेतल्या रे तेव्हा?"

"ही नापास झाली होती, साहेब. तुम्हीच केली."

साहेबांचा चेहरा उतरला. उठावे तर गुडघा उठू देईना. समोर उभ्या रुग्णांच्या नजरा चुकवत ते बसून राहिले, आणि मी हूं की चूं न करता त्यांना तोलून धरले. आपटण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागले. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, सगळ्यांसाठी वस्तू निवडाल. दर जरूर बघा, पण आधी बसून बघा. नाहीतर कुठल्यातरी अडगळीत एखादी खुर्ची तुमचीही वाट बघत असेल.