हजार पायांचं माप

कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचा इतिहास लिहायचं ठरलं, आणि त्या कामावर नेमलेली लेखिका सगळ्यात आधी साचेमास्तरांच्या घरी आली. चपला-बूट ज्या लाकडी पायावर बेततात, ते साचे मास्तरांनी तीस वर्षं कोरले होते. बायकांच्या ज्या सपाट सँडलनं कंपनीला घराघरांत नेलं, तिचा साचाही त्यांच्याच हातचा.

लेखिकेनं वही उघडली. "काका, हजार बायकांच्या पायांची मापं तुम्ही घेतलीत, त्याबद्दल सांगा ना. पहिलं प्रकरण त्याचंच आहे."

निवृत्तीनंतर तरी हे हजार पाय पाठ सोडतील असं मास्तरांना वाटलं होतं. आत बायको चहा गाळत होती आणि मधलं दार उघडंच होतं.

"आधी लिहून घेऊ नका," ते म्हणाले. "नुसतं ऐका."

त्या सँडलचं काम निघालं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. मालकांनी हातात टेप आणि कागदांचा गठ्ठा देऊन सांगितलं होतं, तीन महिने हिंडा आणि हजार पाय आणा. पहिल्या दिवशी ते एका कापडगिरणीच्या फाटकाशी उभे राहिले. गिरणी सुटली, बायकांचा लोंढा बाहेर आला, पण परक्या बाईला 'जरा पाय पुढे करा' म्हणायला जीभ रेटेना. एकीनं आपणहून विचारलं, "काय हवंय?" तर ते म्हणाले, "किती वाजले?" घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. ती हसत निघून गेली. पुढचे आठ दिवस तेच झालं. मग त्यांनी घरी बायकोला कागदावर उभं केलं, आणि बाकीचे नऊशे नव्याण्णव पाय टेबलाशी बसून रचले. कुठे सूतभर वाढवलं, कुठे सूतभर घटवलं.

सँडल हातोहात खपली. 'हजार पायांनी घडवलेली' अशा पाट्या रस्तोरस्ती लागल्या. मालकांनी भर कारखान्यात पाठ थोपटली, तेव्हा मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पण सँडल चांगली होती ना?" लेखिकेनं विचारलं.

"हिच्यासारखा पाय असलेल्यांना चांगली. तशा पुष्कळ निघाल्या, ते माझं नशीब. बाकीच्यांच्या तक्रारी यायच्या. ऑफिस त्या माझ्याकडे पाठवायचं, आणि मी 'साचा बरोबर आहे' असा शेरा मारून परत करायचो. एकदा एक शिक्षिका स्वतःच आली. दिवसभर वर्गात उभं राहून करंगळी सोलवटलेली. पाय दाखवायलासुद्धा संकोचत होती. मी म्हटलं, 'बाई, हजारजणींना बसते, तुम्हालाच बसत नाही. दोष तुमच्या पायात आहे.' बिचारी ओशाळली. तुमचा वेळ घेतला, माफ करा, म्हणाली आणि गेली. तिनं माझी माफी मागितली हो."

बायको चहा घेऊन दारात कधीची उभी होती. तिनं कप खाली ठेवले.

"म्हणजे ते माप माझंच?"

"हो."

"मला म्हणाला होतात, तुझ्यासाठी जोड करतोय."

मास्तरांनी कप नुसताच पुढे ओढला.

"चार संध्याकाळी ओल्या पायांनी कागदावर उभी केलीत मला. वर्षभर वाट बघितली त्या जोडाची. मग लाजेकाजेस्तव विचारायचं सोडलं आणि दुकानातून तीच सँडल विकत आणली. पहिल्याच फटक्यात पाय बसला, तर दुकानदाराला म्हटलं, बघा, माझा पाय कसा चारचौघींसारखा आहे." ती हसत नव्हती.

मास्तरांची मान वर होईना.

"अहो, मला सांगायचं होतंत. गल्लीत चाळीस बायका रोज नळावर भेटायच्या. त्यांच्या बहिणी, जावा, नणंदा वेगळ्याच. मी आणले असते पाय आखून."

"लाज वाटली."

"मला सांगायची?"

"तुलाच सांगायची."

इतक्या वर्षांत हा साधा उपाय त्यांना सुचलाच नव्हता. आपला भित्रेपणा झाकायला आपण बायकोलाही फसवलं, आणि तीच आपल्याला तारू शकली असती, हे कळून त्यांचे कान तापले.

"आता लिहा," ते लेखिकेला म्हणाले. "काही लपवू नका."

"त्या शिक्षिकेचंही लिही गं," बायको म्हणाली.

लेखिकेनं सगळं लिहून घेतलं, पण छापणं आपल्या हातात नाही, हेही सांगितलं. मास्तरांनी मग स्वतःच सगळी हकिकत पत्रात लिहून मालकांच्या मुलाला पाठवली. कारभार आता तोच बघायचा. सहा महिन्यांनी उत्तर आलं, 'तुमचा विनय आम्ही जाणतो. वडीलही तुमच्याबद्दल हेच सांगत.' सोबत पुस्तक होतं आणि सत्काराचं आमंत्रण. पहिल्या प्रकरणात हजार पाय जसेच्या तसे होते. शिक्षिकेचा कुठे पत्ता नव्हता.

मास्तरांनी ते पान बायकोला वाचून दाखवलं, आणि पुस्तक मिटलं.

सत्काराच्या दिवशी कंपनीची गाडी दारात आली. मास्तर जागचे हलले नाहीत. बायकोनंच बाहेर जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, "त्यांना बरं नाही."

"माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस?" ती आत आल्यावर त्यांनी विचारलं.

"खोटं कुठे? बरं आहे का तुम्हाला?"

"नाही," मास्तर म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी बसली. गाडी वळून निघून गेल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.